नसलेल्या दाताची खूण

घोडेगाव, ता. नेवासा
५ जानेवारी २०२५

छबू,

वर आशीर्वाद लिहावा की नाही ते ठरेना, म्हणून नुसतं नाव लिहिलं. फोन तू उचलत नाहीस. दिवाळीत सुनेच्या, धनश्रीच्या, मोबाईलवरून लावला, तर माझा 'हॅलो' ऐकताच ठेवून दिलास. म्हणजे अकरा वर्षांनंतरही आवाज ओळखतेस.

पत्राचं कारण मात्र निराळं आहे. मला बोलायला बंदी आहे. हसू नकोस. ज्याचा आवाज जनावरांच्या बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, त्या गहिनीनाथ दलालाला डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय, "काका, गरजेपुरतंच बोला." गरज किती ते कुणी ठरवायचं, हे नाही सांगितलं.

उजव्या कानाच्या पुढे, जबडा जिथे डोक्याला अडकतो, तो सांधा झिजलाय. सुरुवात पोळ्याच्या दिवशी झाली. शेजाऱ्यांच्या बैलाला पुरणपोळी चारत होतो. त्याने तोंड उघडलं तसं माझंही उघडलं, लेकराला भरवताना आपलं उघडतं तसं. कानात 'कट्' झालं. बैल दोन पावलं मागे सरला आणि पोळी माझ्याच हातात राहिली.

तेव्हापासून तोंड हललं की आत वाळू दळल्यासारखी करकर होते. चार महिने अंगावर काढले. कुणी म्हणालं कानात मळ, कुणी म्हणालं अक्कलदाढ. एकाने तर चांगली दाढ उपटायला घेतली होती. शेवटी नगरला आराधना डॉक्टरकडे गेलो. आपल्याला तिसरीला होते ते आमोस मास्तर, त्यांची नात. मास्तरांसारखीच समोरच्याला अडाणी न समजता समजावून सांगते. तिने जबड्याचा मोठा फोटो काढला आणि दाखवला. हाडाच्या गोळ्यावर एक गादी असते, ती फाटलीय. हाड हाडावर घासतंय, आणि वरचा भाग कुरतडल्यासारखा झालाय.

मी म्हटलं, "कापणार का?"

"कापायचं नाही. बहुतेकांना लागत नाही. आराम दिला की हाड आपलं आपण गुळगुळीत होतं. सहा-आठ महिने धीर धरा."

मग नियम सांगितले. मऊ खायचं. दोन वेळा गरम पाण्याच्या फडक्याने शेकायचं. सुपारी बंद. जांभई आली की हनुवटीखाली मूठ धरायची. जीभ टाळूला, ओठ मिटलेले आणि दात वेगळे. जेवण सोडलं तर माणसाचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकतच नाहीत म्हणे. मी एस.टी.त बसून लक्ष ठेवलं. पांढरी पुलापासून घोडेगावपर्यंत माझे घट्ट दाबलेले होते. तिने विचारलं होतं, "किती वर्षं असे दाबताय, काका?" मी म्हटलं, असतील दहा-अकरा.

बैलाचा विषय काढायला हे पत्र नाही. ते जुनं झालं. मी तेव्हा बोललो ते रागात बोललो, पण जनावराच्या अंगी वैरण लागली नाही तर त्यात दात बघणाऱ्याचा काय दोष, हे मी आजही म्हणेन.

मला एवढंच हवंय की यंदा तू मला भाऊबीजेला बोलवावंस. मी एकसष्ट वर्षांचा झालो. अकरा भाऊबीजा कोऱ्या कपाळाने काढल्या. दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

तुझा दादा


घोडेगाव
२ फेब्रुवारी २०२५

छबू,

उत्तर नाही. असो. मीही तुझ्या जागी इतक्या लवकर दिलं नसतं.

डॉक्टरने माझ्या जबड्याचा साचा घेतला. गुलाबी लगदा तोंडात भरला आणि त्यावरून पांढऱ्या दगडासारखा जबडा ओतून टेबलावर ठेवला. ती फोनवर बोलत होती तेवढ्यात मी सवयीने तो उचलला आणि अंगठ्याने दात चाचपले. चाळीस वर्षांची खोड आहे. वासरू असेल तर दुधाचे दात, मग दोनदाती, चारदाती, सहादाती, आणि खालचे आठही आले की जनावर जुळलं. त्यापुढचं वय झिजेवरून काढायचं. बैलाला वर पुढच्या बाजूला दात नसतातच, नुसती कडक गादी असते. हे तुला काय सांगायचं, तूही त्याच गोठ्यात वाढलीस.

माझा जबडा म्हाताऱ्या बैलाचा निघाला. पण झीज कशी चढउतारीची असते, एक दात जास्त, एक कमी. माझे सगळे एका ओळीत सपाट होते. चावून झिजल्यासारखे नाही, कुणीतरी धरून घासल्यासारखे. मी तो साचा पटकन खाली ठेवला.

खालच्या ओळीत डावीकडे, पुढून दुसरा, तिथे मोकळी जागा आहे. तेराव्या वर्षी चिंचेवरून पडलो तेव्हाची. तो दात तूच कौलावर फेकलास, नवा येईल म्हणून. आला नाही.

पंधरा दिवसांनी पट्टी मिळाली. काचेसारखी पारदर्शक, कडक, वरच्या सगळ्या दातांवर बसते. झोपताना लावायची आणि दुपारीही दोन तास. खालचे दात गुळगुळीत जागेवर टेकतात आणि सांध्यावरचा भार उतरतो. आरशात पाहिलं, तर वर दात नाहीत, नुसती गादी, आणि खाली पिवळी ओळ. धनश्रीला म्हटलं, "बघ गं, तुझा सासरा बैल झाला." ती हसली. मला काही हसू आलं नाही.

कारण पट्टी काढली की तोंडात कडब्याची चव असते. ज्वारीचा वाळका कडबा, गेल्या सालचा, जरा कुबट. डॉक्टर म्हणते पट्टीने तोंड कोरडं पडतं. पडत असेल. पण कोरड्या तोंडाला चव कुठून येते?

बाजारात मात्र काहीतरी बिनसलंय. दुपारची जनावरं दावणीला बसून रवंथ करत असतात, तो आवाज मला लहानपणापासून ठाऊक आहे. परवा मी रांगेतून चाललो आणि आवाज माझ्याबरोबर थांबत गेला. मी ज्याच्यापुढे जाईन ते जनावर चावायचं थांबतं, तोंडातला घास तसाच गालात, आणि माझ्या उजव्या कानाकडे बघतं. मी पुढे गेलो की मागे पुन्हा सुरू. एका शेतकऱ्याने विचारलं, "आवो दलाल, अंगाला काय लावून आलाय? बैल दचाकत्यात तुमाला." मी म्हटलं, औषध लावलंय. दात बघायला हात पुढे केला, तर गरीब गाईनेही तोंड उघडलं नाही.

तुला हे का लिहितोय, कळत नाही. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

दादा


घोडेगाव
९ मार्च २०२५

छबू,

आज जे लिहितो ते दाजींना वाचून दाखवू नकोस.

डॉक्टर दर पंधरा दिवसांनी पट्टी तपासते. निळा कागद दातांत धरून चावायला लावते, मग पट्टीवर खालच्या दातांचे ठिपके उमटतात. जिथे ठिपका ठळक, तिथे छोट्या मशीनने घासून सारखं करते. त्या मशीनचा आवाज कानशीसारखा आहे. मी खुर्चीचे दोन्ही हात धरून बसतो. ती म्हणते, "काका, पट्टी माझ्या हातात आहे, तुम्हाला कुठे दुखणार?"

बुधवारी तिने ठिपके मोजले. पुढच्या बाजूला आठ, यायला हवे होते सात. पुन्हा मोजले. मग माझं तोंड उघडून आत पाहिलं, आणि पुन्हा पट्टी पाहिली. डावीकडे दुसऱ्या जागी, जिथे माझा दात नाही, तिथे खूण होती. नुसता ठिपका नाही. पट्टीत खोलवर उमटलेली, जरा तिरकी, बाहेरच्या अंगाला वळलेली.

ती म्हणाली, बाजूचा दात सरकत असेल. तिने बाजूच्या दाताला काडी लावून बघितली, तो जागच्या जागी. मग म्हणाली, लॅबवाल्यांकडून राहिलं असेल. खूण घासून काढली, निळा कागद घातला, मला हळू चावायला लावलं. मी चावलो. खूण परत आली, तशीच तिरकी. आमोस मास्तरांच्या नातीने ती बोटाने चाचपली. मग मोकळं हसून म्हणाली, "नवी करून देते." पण हातमोजे काढून झाल्यावरही तिने ती खूण पुन्हा एकदा उजेडात धरून बघितली.

छबू, चाळीस वर्षांत मी एकाच जनावराचा असा दात पाहिलाय. डावीकडचा दुसरा, बाहेर वळलेला. हौशा. तुझ्या दावणीला चार महिने उभा राहून भरल्या गव्हाणीसमोर मेला तो हौशा. त्या दातावरून मी त्याला हजारात ओळखला असता.

तेव्हा आता एक कबूल करतो. मी दाजींना म्हटलं होतं की नुकताच जुळलाय, सहा-सात वर्षं सहज ओढेल. तो जुळून आठ वर्षं झाली होती. मला माहीत होतं.

एवढंच. वय लपवलं, बाकी काही नाही. बाजारात हे सगळेच करतात.

दादा


घोडेगाव
२० एप्रिल २०२५

छबू,

बाकी काही नाही, असं मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं.

आधी चांगलं सांगतो. दुखणं निम्म्याने उतरलंय. पहिल्यांदा गेलो तेव्हा तोंडात दोन बोटंही उभी जात नव्हती, आता अडीच जातात. तीन गेली की झालं, म्हणते डॉक्टर. आरशापुढे बसून, जीभ टाळूला लावून, तोंड सरळ रेषेत उघडायचा व्यायाम करतो. कण्या, खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी. गोळ्या दोनच आठवडे होत्या. सुपारी सुटली. म्हणजे औषधाला नावं ठेवायला जागा नाही.

पण नव्या पट्टीवरही आठव्या दिवशी ती खूण आली.

आणि मंगळवारचं ऐक. मी अंगणात चिंचेखाली जबडा शेकत बसलो होतो, टळटळीत दुपार. धनश्री घरातून बाहेर आली. म्हणाली, "आबा, कुणाचं जनावर शिरलंय का मागच्या खोलीत? रवंथ केल्यासारखं वाजतंय." आपल्याकडे आता एकही जनावर नाही. मी आत गेलो. खोलीत माझी बाज, खुर्ची, आणि खिडकीत पाण्याच्या डबीत बुडवून ठेवलेली पट्टी. डबीतलं पाणी हलत होतं. धनश्री म्हणाली, "मला वाटलं तुम्हीच आहात. पण तुम्ही तर भायेर व्हतात." मग तिने भिंतीवरच्या देवाच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि पोरांना त्या खोलीत जायला बंदी केली. माझ्याकडे आता जरा लांबूनच ताट सरकवते. तिचा राग नाही.

आता हौशाचं.

तो चार बाजार फिरून आलेला बैल होता. कुणी घेईना, तोंड उघडलं की पुढे जायचे. दात आखूड झालेले, टोकं बोथट, मधे फटी. पाचव्या बाजाराच्या आदल्या दिवशी मी त्याला चिंचेला जखडला, दातांत लाकडाची खुंटी आडवी घातली आणि कानस घेतली. कडा धारदार केल्या की बैल चार वर्षांनी तरुण दिसतो. मी आधीही केलं होतं, दोनदा. घोड्याचा नाल ठोकतात तसंच एक काम, असं मी स्वतःला सांगायचो. तो तुला जाईल असं माझ्या मनातही नव्हतं. शपथ घेतो, पण माझी शपथ तू कशाला मानशील.

दुसऱ्या दिवशी दाजी आले. घरचा एक बैल होता, त्याला जोड हवा होता. मी दुसरा दाखवत होतो, पण त्यांची नजर हौशावर बसली, रंग जुळत होता म्हणून. भोवती दहा-पंधरा माणसं. कुणीतरी म्हणालं, पाव्हणं, तोंड तरी बघा. दाजींनी काय केलं, तुला माहीत नाही. त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "गहिनीनं बघितल्यालं तोंड मी पुन्ना उघडू व्हय? बायकोच्या भावाचा अपमान हुईल." मी खांद्यावरचा रुमाल काढला. भाव करायचा तर रुमालाखाली बोटं धरावी लागतात, कुणाला दिसू नये म्हणून. त्यांनी रुमालही नाकारला. उघड्यावर माझा हात धरला आणि म्हणाले, "तू सांगशील ते."

तेवढी एक वेळ होती. 'दाजी, हा नको, दुसरा घ्या' एवढं म्हणायचं होतं. पण म्हटलं असतं तर पंधरा माणसांनी विचारलं असतं, का? आणि मग कुणीतरी तोंड उघडलंच असतं. मी दात दाबले. तेव्हा जे दाबले ते दाबलेच.

हे वाचून पत्र फाडशील. फाड. पण मला तू फाडलंस हे तरी कळव.

दादा


घोडेगाव
२३ ऑगस्ट २०२५

छबू,

चार महिने लिहिलं नाही. उरलेलं लिहायची हिंमत होत नव्हती.

काल पोळा झाला. मी घराबाहेर पडलो नाही. गुरुवारी डॉक्टरकडे गेलो होतो. नवा फोटो काढला, जुन्याशेजारी लावला. कुरतडलेलं हाड गुळगुळीत झालंय, कडा भरून आल्यात. तोंडात तीन बोटं उभी जातात. दुखणं नाही. डॉक्टर एवढी खूश की तिने फोटो काढून तिच्या कॉलेजच्या सरांना पाठवला. म्हणाली, "काका, सुरी न लावता बरं झालं. आता आवाजही राहायला नको." मी म्हटलं, आहे.

तिने कानापुढे नळी लावली. "तोंड बंद. दात वेगळे. जीभ टाळूला. हलू नका." मी दगडासारखा बसलो. ती ऐकत राहिली. मग नळी काढली आणि हळूच विचारलं, "काका, तुम्ही काही चावताय का?"

मी तोंड उघडून दाखवलं. रिकामं. पण आवाज तसाच चालू राहिला, माझा जबडा उघडा असताना. तिला तो नळीशिवायही ऐकू आला. तिने गळ्यातला क्रॉस मुठीत धरला. म्हणाली, माझ्याकडचे उपाय संपले. तरी पट्टी चालू ठेवा, सांधा पुन्हा बिघडू नये. पैसे घ्यायचे विसरली, मीही आठवण करून द्यायचं विसरलो.

आता राहिलेलं. कानस चालवताना हौशाने मान झटकली. मी खुंटी सोडली नाही, उलट गुडघा त्याच्या मानेवर देऊन आणखी आत ठोकली. त्याच्या कानाखाली 'कट्' झालं. मोठा आवाज होता. जबडा एका बाजूला लोंबला, मग त्याने तो कसाबसा मिटला. मला कळलं काय झालं ते. मी बापाच्या हाताखाली शिकलेला माणूस, मला कळणार नाही? त्याला पुन्हा नीट चावता येणार नव्हतं. तरी मी उरलेले दात घासून पुरे केले, कारण अर्धे घासलेले दात लगेच ओळखू येतात.

आणि तो मेला, दाजी तुला घेऊन तणतणत माझ्या दारी आले, तेव्हा मी चारचौघांत म्हटलं, "बैल चांगला होता. छबूने वैरण चोरली, ती दुभत्या म्हशीला घातली." तू दारात उभी होतीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि पदर तोंडावर घेऊन आत गेलीस. तुला सगळ्या गावात उपाशी मारणारी केली मी. माझी लहान बहीण. मी चिंचेवरून पडलो तेव्हा माझं रक्त पुसायला स्वतःचा परकर फाडणारी.

मला लाज वाटते, छबू. ही लाज पट्टीखाली जात नाही. भाऊबीज तेवीस ऑक्टोबरला आहे. तू ये म्हणालीस तर येईन, नाही म्हणालीस तर समजेन. पण काहीतरी लिही. आता या घरात तो एकटाच बोलतो.

दादा


खर्डा, ता. जामखेड
१४ सप्टेंबर २०२५

दादा,

तुझी पाचीबी पत्रं मिळाली. यांच्या हाती लागू दिली न्हाईत, पिठाच्या डब्यामागं ठिवलीत. चौथीनंतर मी कागदाला हात लावला न्हाई, तवा अक्षर कसं हाय ते बघू नको. बोलते तसंच लिहिते.

कानशीचं मला नवं न्हाई. हौशा आनला त्याच्या तिसऱ्या दिवशी त्यानं कडबा तोंडात धरला आन खाली सोडून दिला. मी तोंडात हात घातला. तू दलाल झालास, पन मीबी त्याच बापाची लेक. दाताला आडव्या रेघा लागल्या बोटाला. जबडा येका अंगाला सरकल्याला. मी चुलीपुढं बसून लई इचार केला. यांना सांगितलं असतं तर यांनी पुढच्या बाजारी तुला भर माणसांत उभा केला असता, आन तुझ्या रुमालाखाली पुन्ना कुनी हात घातला नसता. म्हनून गप बसले.

चार म्हयने त्याला कण्या शिजवून घातल्या. हातानं गालात सारायच्या, गळ्यावरून हात फिरवायचा, मग गिळायचा. ऊन पान्याचं फडकं कानाखाली धरायची. तुझी डॉक्टरीण तुला सांगती ते समदं मी त्याला केलं. पट्टी तेवढी न्हवती आमच्याकडं. न्हाई वाचला.

मग तू म्हनलास वैरन चोरली. मी त्येबी घेतलं. यांना म्हनले, व्हय, माझ्याकडूनच कमी पडलं. अकरा वर्सं झाली, हे घर मला त्येच ऐकवतंय. सासू मरताना त्येच बोलली. तुझ्यासाठी मी तोंड मिटलं, आन तू येकदाबी तुझं उघडलं न्हाईस. म्हनून ओवाळलं न्हाई मी. बैलापायी न्हाई.

आता दुसरं. ह्ये लिहायला हात रेटत न्हवता, म्हनून इतके म्हयने लागले.

तू लिहितोस तो आवाज मला ठावं हाय. हौशा गेल्यावर आठव्या दिवशी रिकाम्या गव्हानीतून यायला लागला. कोरडा, करकर, मधी थांबून पुन्ना. हे म्हनायचे उंदीर हायत. मी रोज सांजच्याला येक वाटी कण्या मऊ करून तिथं ठिवायची. दहा वर्सं ठिवली. सकाळी वाटी मोकळी असायची. उंदरानं खाल्ली का कुत्र्यानं, मी कधी राखन केली न्हाई. मला बघायचंच न्हवतं.

मागल्या वर्सी पोळ्याच्या दुपारी गोठा गप झाला. दुसऱ्या सकाळी वाटी तशीच भरल्याली, वर साय धरल्याली. मला वाटलं, सुटला बिचारा. मी रडले बी. मग जानेवारीत तुझं पयलं पत्र आलं, पोळ्यापासून कानापाशी वाजतंय म्हनून. कागद खाली ठिवला आन गव्हानीकडं बघत बसले. कुटं गेला त्ये कळलं.

डॉक्टरीण सांगती त्ये सोडू नको. पोरगी गुनाची हाय. दात दाबू नको. आन वाजायला लागलं की त्याच्यावर दातओठ खाऊ नको, त्याला भूक लागती. कण्या चांगल्या मऊ शिजव, खिडकीत ठिव, आन नाव घेऊन बोल. 'हौशा, हं बाळा' म्हनलं की थांबायचा माझ्याकडं.

माफ केलं असं मी लिहिनार न्हाई. त्ये मनात आलं की सांगीन. भाऊबीजेला ये. आदी यांच्यापुढं बसायचं आन ही पाच पत्रं तुझ्या तोंडानं सांगायची, कानशीपासून वैरनीपतोर, माझी सुनबाई आन शेजारपाजार बसल्यालं असताना. तीन बोटं जात्यात म्हनतोस, येवढं बोलायला लई झाली. मग ओवाळीन.

येकटा येऊ नको. त्याला संगं आन. गव्हान झाडून ठिवलीय.

छबू